हरिदासकाकांचे जाळे

खैरटोला, ता. धानोरा
गुरुवार, दि. ९ जानेवारी २०२५

तीर्थरूप सौ. चंदाआत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

सर्वप्रथम क्षमा मागते. आजवर मी आपल्याला एकही पत्र लिहिलेले नाही. फोनवर आपण मला बोलावले की ‘बरी आहे’ एवढेच सांगून मी तो रीतावहिनीच्या हाती देते. अशा भाचीने एकाएकी पाने भरून लिहावे, आणि तेही घरातल्याच माणसांविषयी, हे मोठेच धार्ष्ट्य आहे. परंतु आपल्याकडे फोन स्पीकरवर ठेवून सगळे घर ऐकते. आमच्याकडे नेटवर्कसाठी तलावाच्या पाळीवर चढावे लागते, आणि पाळीवरून बोललेले खैरटोल्यात कोणाला ऐकू येत नाही? म्हणून कागद हाती घेतला.

घरी सर्व कुशल आहे. बाबांचा गुडघा थंडीने धरतो. सुरेंद्रदादाचे पिकअप गाडीच्या भाड्याचे काम बरे चालले आहे. पदवी झाल्यापासून मी घरीच असून परीक्षेची पुस्तके वाचते. वहिनी म्हणते की मी पुस्तकात तोंड घालून बसले की कोंबडी पाठीवरून गेली तरी मला कळत नाही. ते बहुधा खरे असावे. तरीही अलीकडे मला काही गोष्टी दिसू लागल्या आहेत आणि त्या दिसल्या नसत्या तर बरे झाले असते.

आपला तलाव आपण आता पाहिलात तर ओळखणार नाही. दोन वर्षांपासून जाळ्यात चिलापी येऊ लागली आहे. करड्या अंगावर पुसट पट्टे आणि पाठीवर काट्यांचा पंखा असलेला हा मासा आपल्याकडचा नव्हे. पहिल्या हंगामात लोकांनी त्याला फुकटची भर मानले. गेल्या हिवाळ्यात आपली बोटरी मासळी दिसेनाशी झाली, मग दाडक मासे कमी झाले. यंदा जाळे ओढले की बहुतेक चिलापीच निघते, तळहाताएवढी, बाजारात कोणी न विचारणारी. तिचा नर घरट्यासाठी तळाच्या चिखलात बशीसारखे खड्डे करतो आणि त्यासाठी पाण्यातली झाडे मुळासकट उपटतो. झाडे गेली म्हणून पाणी गढूळ झाले. झाडांत लपणारी बारीक मासळी गेली म्हणून बायकांनी पाण्यात उतरणे सोडले. बायका उतरेनाशा झाल्या म्हणून काठची बेशरमाची झाडी माजली, कारण मासळी धरता धरता त्याच ती उपटून बाहेर फेकत असत. ते एक काम आहे, हे त्या थांबेपर्यंत कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. एका माशाने एवढे केले, असे मी बाबांना म्हटले, तर ते म्हणाले की माशाने नाही, माणसाने केले.

तो माणूस कोण, हे गावाने ठरवून टाकले आहे. शेजारचे हरिदासकाका. दर पावसाळ्यात मच्छीमार सोसायटीचे रोहू-कटल्याचे बीज तेच आपल्या टेम्पोतून आणतात. शिवाय तलाव ठेकेदाराला द्यावा असे त्यांनी मागे एकदा सभेत म्हटले होते, आणि ते त्यांना कोणी विसरू दिलेले नाही. त्यांनी तलाव मुद्दाम नासवला, म्हणजे सोसायटी कंटाळून तो ठेक्याने देईल, असे लोक म्हणतात. त्यात दिवाळीत जंगूबाबा गुराख्याने सांगितले की तीन उन्हाळ्यांपूर्वी, दिवस उगवण्याआधी, डोक्यावरून पांघरूण घेतलेले कोणीतरी घागर घेऊन बोळीतून पाळीकडे जाताना त्याने पाहिले होते. एवढे पुरे झाले. अध्यक्ष या नात्याने बाबांनी हरिदासकाकांचे जाळे काढून घेतले आणि ते सोसायटीच्या खोलीत कुलपात ठेवले. रविवार, दोन मार्चला सर्वसाधारण सभा आहे. तीत त्यांचे सभासदत्व रद्द झाले तर त्यांना पुन्हा या पाण्यात जाळे टाकता येणार नाही. त्यांच्या पत्नी रुखमाकाकू आता आपल्या दारावरून जाताना मान वळवतात.

आता माझी अडचण सांगते. त्या बोळीत दोन घरांची मागची दारे उघडतात. एक हरिदासकाकांचे आणि दुसरे आपले. हे प्रत्येकाला ठाऊक आहे, पण अध्यक्षांचे दार कोणी मोजत नाही. सुरेंद्रदादा दर महिन्याला गडचांदूरला सासुरवाडीस येतो. कोणा ठेकेदाराशी फोनवर बोलतो आणि मी आत आले की आवाज उतरवतो. त्याने तिकडून काही आणले होते काय? कोणाशी त्याचा काही व्यवहार आहे काय? आपण कोणाला कळू न देता पाहावे, एवढीच प्रार्थना आहे. माझा संशय खोटा ठरला तर मी या पत्राबद्दल आपले पाय धरीन.

कळावे. या आगाऊपणानंतरही माया पूर्वीइतकीच ठेवावी.

आपली आज्ञाधारक भाची,
रोशनी

*

गडचांदूर
२१ जानेवारी

चि. रोशनीस आत्याचा आशीर्वाद, अन् वरून एक धपाटा.

तुहं पत्र भेटलं. आधी हे सांग, आपण-आपण काय करून राह्यली? मी काय तहसीलदार होय? दोनदा वाचलं तवा समजलं का भाचीचं पत्र हाये, कोर्टाची नोटीस नाई. अक्षर मात्र मोत्यावाणी. तुह्या बापाचं अक्षर पाह्य, मुंगळा शाईत बुडून पळाल्यावाणी.

सुरेंद्रवर काऊन शक घेऊन राह्यली पोरी? तो इथी येते, सासऱ्याच्या घरी कोंबडी खाते, दुपारभर घोरते अन् चालला जाते. ठेकेदारासंग बोलते थे गिट्टी अन् रेतीच्या भाड्याचं. तुह्यासाठी मी भिंतीले कान लावून ऐकलं, सूनबाईनं पाह्यलं अन् हासली मले. आवाज उतरवते म्हणतं, तं भाड्यातले पैसे बापाले कमी सांगत असन. सारेच पोट्टे सांगतात. त्याच्यात मासोळी नाई.

शक घ्याचाच असन तं हरिदासवर घे. त्याचा बाप बी असाच होता. माह्या लग्नात पोटभर जेवला अन् गावभर सांगत फिरला का वांग्याच्या भाजीत मीठ नोतं. असा माणूस, त्याचं पोरगं तलाव नासवणार नाई तं काय करन?

पण बोटरी गेली हे वाचून जीव कसानुसा झाला. आमच्या वेळी मासोळी कमी झाली तं लग्नसराईची वाट पाहात. तुले कोणी सांगतलं का नाई? खैरटोल्यात नवी सून येते तं माहेरच्या तलावाचं पाणी घागरीत घेऊन येते, जिती मासोळीसकट. पाचव्या दिवशी सांजेले डफडं वाजवत पाळीवर नेतात अन् थे घागर तिच्याच हातानं तलावात ओततात. थोवर तिले पाळीवर पाय ठेवू देत नाई. मी दुसरीत होती तवा एक साल तलाव आटून तळापावतर फाटला होता, माणूस आरपार चालत जाये. तवा कोणतं बीज अन् कोणती सोसायटी? पाऊस आला, अन् त्या सालच्या साऱ्या सुनाईच्या घागरीनं तलाव पुन्हा भरला. बोटरी कुरखेड्याकडची, मरळ आरमोरीकडची. माही आजी म्हणे, आपल्या तलावात गावची म्हणून एक मासोळी नाई, साऱ्या नांदाले आलेल्या.

मी बी खैरटोल्याचं पाणी घेऊन इकडं आली होती. ज्या तलावात ओतलं, त्याच्यावर आता खदानीची माती हाये अन् मातीवर बाभळी. आठवण आली तं कुठी बसून रडू, जागाच नाई ठेवली.

रीताच्या वेळी बी थेच. तिचा बाप खदानीत कामाले, कॉलनीत राह्यते, तलाव कुठचा? पण भाऊचा निरोप आला का घागर पाह्यजेच. मंग मी अन् तिचा बाप जुन्या बंद खदानीच्या पाण्यावर गेलो. पाणी हिरवं, पण मासोळी चिकार अन् मोठी चिवट. पदरानं धरली तं तिच्या पाठीचा काटा माह्या बोटात घुसला, आठ दिवस हात सुजून होता. रिवाज मोडू नाई देल्ला मी! अन् तू चार पानं लिहितं, पण आत्याच्या हाताचं पुसत नाई. तिच्या घागरीची मासोळी तगली का मेली, थे लिही.

भाऊले सांग, गुडघ्याले मोहाचं तेल चोळ, अध्यक्षपणा नको चोळू. तुह्यावर माही माया कमी होईन अशी भीती नको ठेवू, पण शक्की होऊ नको, तोंड वाकडं होते.

तुही आत्या
चंदाबाई

*

खैरटोला
रविवार, दि. २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपला हात आता कसा आहे? हे पहिल्या पत्रात विचारायला हवे होते. या पत्रात ते विचारताना मात्र मी दोनदा पेन खाली ठेवले, कारण ज्या माशाचा काटा आपल्या बोटात गेला तो कोणता मासा होता, हे मला आता कळले आहे असे वाटते. रागावू नये. पाठीवर टोकदार काट्यांचा पंखा, अंगावर पुसट पट्टे, आणि पिले तोंडात घेऊन फिरणारी मादी, असे काही आपल्याला तिथे दिसले होते काय? दिसले असेल तर ती चिलापी होय. ती हिरव्या पाण्यात, कमी हवेत, कुठेही तगते आणि वर्षातून अनेक वेळा विते. एका घागरीतल्या मूठभर पिलांपासून तीन वर्षांत तलाव व्यापणे तिला अवघड नाही. आपण विचारले होते की मासोळी तगली का मेली. आत्या, तीच तगली.

मी पुस्तकातले सांगते आहे असे वाटू नये म्हणून मी काल स्वतः पाण्यात उतरले. पायाला ते खड्डे लागतात. एकात पाय घातला की दुसऱ्याच्या कडेवर घसरतो. पूर्वी तिथे कमळाच्या मुळ्यांत पाय अडकत असे.

आपले पत्र वाचल्यापासून मी जुना रिवाज आणि नवा नाश यांच्याकडे आळीपाळीने पाहते आहे आणि दोन्हींत मला एकच घागर दिसते. एका तलावावर वाईट साल आले की दुसऱ्याने त्याला बीज पुरवावे, अशी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी लेकींच्या कमरेवर ठेवली होती. आसपास तलावच तलाव होते तोवर प्रत्येक घागर भले करीत गेली. मग काही तलाव गेले, त्यांच्या जागी खाणी आल्या, खाणींत पाणी साचले, त्यात कोणीतरी हा मासा सोडला. घागर मात्र तीच राहिली. ती कोणत्या पाण्यातून येते, हे विचारायचे असते असे कोणाला कधी वाटलेच नव्हते. यात आपला किंवा वहिनीचा काय दोष? कोणाचाच नाही, असे मी स्वतःला समजावते.

तरीही एक गोष्ट सुटत नाही. रिवाजाप्रमाणे घागर सायंकाळी, डफडे वाजवत न्यायची असते. वहिनीची घागर तशी नेल्याचे मला आठवत नाही. मी तेव्हा परीक्षेसाठी गडचिरोलीला होते. परत आल्यावर मला घरात एवढेच सांगण्यात आले की घागर झाली. कोणी ओतली, केव्हा ओतली, हे मी विचारले नाही. जंगूबाबाने उजाडण्यापूर्वी कोणाला पाहिले, हे आता मला विचारावेसे वाटते आणि विचारण्याची भीतीही वाटते. जे घरच्या मानाचे काम, ते चोरासारखे का केले?

याहून काळा विचार लिहू की नको, असे चार दिवस चालले होते. लिहिते. घागर घरातून निघाली तर बाबांना ती ठाऊक असलीच पाहिजे. मग मासा बाहेरून टेम्पोतून आला, हे गावात सर्वांत आधी बाबाच का म्हणाले? जाळे काढून घेण्याची त्यांना एवढी घाई का झाली? ते जेवायला बसले की मी त्यांच्या तोंडाकडे पाहते आणि त्यांनी वर पाहिले की खाली बघते. वाढताना वहिनीने परवा विचारले की माझे कोणाशी भांडण झाले आहे काय. मी नाही म्हटले. या घरात माझे पहिले खोटे बहुधा तेच.

सभेला चार आठवडे आहेत. मी बोलले तर वहिनीचे नाव सगळ्या गावाच्या तोंडी जाईल. तिला या घरात येऊन तिसरे वर्ष पुरे होत आले, आणि अजूनही काही बायका तिला खदानवाली म्हणतात. मी बोलले नाही तर हरिदासकाकांचा तलाव जाईल. आपण सांगाल तसे करीन, असे लिहिणार होते, पण तेही खरे होईल की नाही, याची मला खात्री नाही.

आपण या घरच्या लेक आहात आणि वहिनीचे स्थळही आपणच आणलेत, म्हणून आपल्याखेरीज विचारावे असे कोणी नाही. उत्तराची वाट पाहते. रागावलात तरी लिहून रागवावे.

आपली,
रोशनी

*

गडचांदूर
१३ फेब्रुवारी

रोशनी,

आशीर्वाद हाये, समजून घे.

होय, पट्टे होते. होय, एकीच्या तोंडातून पिलं पडले होते, मी म्हटलं पाह्य कशी माय हाये. झालं समाधान?

आता माहं ऐक. हे कोणाले सांगू नको. जाळं गेलं तं हरिदास टेम्पो चालवन, मजुरी करन, दोन साल बोंबलन अन् मंग कोणीतरी त्याले पुन्हा सोसायटीत घेईन. आपले लोक भांडतात अन् विसरतात. पण सुनेचं नाव एकदा चारचौघात निघालं का थे नाई विसरत. तलावात मासा मेला तं रीतानं मारला. भात पोचट निघाला तं रीतानं केला. घरात कोणाले ताप आला तं पाहा बाई, खदानीचं पाणी आणलं होतं तिनं. मी चाळीस सालापासून सून हाये, मले शिकवू नको. मरद माणूस जाळ्याबिगर जगते, सून नावाबिगर कुठी जाईन?

अन् भाऊवर शक? आपल्या बापावर? त्यानं तुले शिकोलं थे याच्यासाठी का? त्याले काय माहीत होतं अन् काय नाई, हे मी पुसलं नाई अन् तू बी पुसू नको. काही गोष्टी घरात अशाच पडून राह्यतात, त्याच्यावर चटई टाकाची अन् बसाचं.

तू माह्यावर बी शक घेऊन राह्यली का? हातातला काटा मी तुले हौसेनं सांगतला अन् तू त्याचा पंचनामा केला. यानंतर तुले काही लिहाले भेव वाटते.

हे पत्र वाचलं का चुलीत घाल. रीताच्या हाती नको पडू देऊ.

माया तं तुटत नाई, तुटली असती तं एवढं लिहिलं नसतं.

चंदाबाई

*

खैरटोला
सोमवार, दि. ३ मार्च २०२५

तीर्थरूप आत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मला मिळाले तेव्हा ते उघडलेले होते. मी वाचनालयात गेले असताना पोस्टमन येऊन गेला होता. पाकीट माझ्या पुस्तकाखाली सरळ ठेवलेले होते आणि त्याचा जोड भाताच्या खळीने पुन्हा चिकटवलेला होता. खळ अजून ओली होती. मला आधी दादाचा संशय आला, मग बाबांचा. बाबांनी त्या रात्री जेवताना आपल्या हाताविषयी काही विचारले असते तर मी तिथेच उठून गेले असते. त्यांनी फक्त लोणचे मागितले. त्यानंतरचे दिवस मी या घरात कशी राहिले, ते सांगता येत नाही. प्रत्येकाच्या बोलण्यात मी काही शोधत होते. वहिनीच्या बोलण्यात मात्र शोधले नाही, कारण ती पूर्वीसारखीच हसत होती.

आपण नको म्हटले होते, तरी काल मी सभेत बोलायचे ठरवून गेले. काय बोलायचे ते लिहून पाठ केले होते. वहिनीचे नाव न घेता, माहेरच्या घागरींतून असा मासा येऊ शकतो, एवढेच सांगायचे होते. सोसायटीच्या खोलीसमोर सगळे जमले होते. हरिदासकाका एका बाजूला, रुखमाकाकू त्यांच्यामागे. बाबांनी ठराव वाचायला घेतला. मी अर्धी उठले, पुन्हा बसले. शेजारच्या बाईने मला मुंग्या चावल्या काय असे विचारले.

तेवढ्यात वहिनी उठली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला आणि बाबांकडे न पाहता, थेट हरिदासकाकांकडे पाहून ती बोलली. ते मी शक्य तितके तिच्याच शब्दांत देते. ती म्हणाली की काकाजी, थे घागर माही होती. माह्या बापाच्या गावाले तलाव नाई, खदानीचं पाणी आणलं होतं. पाणी हिरवं दिसे, वास येये, डफडं वाजवत नेली असती तं साऱ्या बाया पाहून हासल्या असत्या, म्हणून मी एकलीच अंधारात गेली अन् ओतून आली. मासोळी कोणती होती मले माहीत नोतं. माहीत झालं त्याले पंधरा दिवस झाले. तुमचं जाळं माह्या घागरीपायी अडकून हाये.

पत्र कोणी उघडले होते, ते मला त्या क्षणी कळले. आपले नाव तिने घेतले नाही. पाणी कोणी भरून दिले, असे एकाने विचारले, तर म्हणाली की भरणाऱ्यानं रिवाज पाळला, त्याले मधात नको आणू.

नंतर जे झाले ते पुष्कळसे गोंधळाचे होते. कोणी तिला बोलले, कोणी रडले. जंगूबाबा मागून म्हणाला की हो, त्या माणसाच्या पायात तोरड्या वाजत होत्या. मग हे आजवर का सांगितले नाही, म्हणून सगळे त्याच्यावर ओरडले, तर तो म्हणाला की तुम्ही मले हरिदास होता का एवढंच पुसलं, मी म्हटलं अंधार होता. थोडा वेळ लोक हसलेसुद्धा. मग गावातली सर्वांत म्हातारी सोमारीआजी उभी राहिली आणि म्हणाली की आपल्या घागरीत काय होतं हे जिनं मोजून पाहिलं होतं, तिनंच या पोरीले बोलावं. एकजण आपल्या घागरीत कुरखेड्याचे दाडक होते म्हणून सांगू लागली, दुसरीने तिला तिथेच खोटे पाडले, आणि कोणाच्या घागरीने कोणता मासा आला यावर दोघींचे जुंपले.

हरिदासकाका यातले काही ऐकत नव्हते. ते बाबांना म्हणाले की उमाजी, तुह्या घरातून घागर निघाली हे तुले दुसऱ्या दिवशी तरी माहीत होतं का नाई? बाबा म्हणाले की होतं, पण घागरीत काय अन् तलावात काय, याचा मेळ मी कधी घातला नाही. त्यावर काका म्हणाले की मंग माह्या टेम्पोचा मेळ तुनं एका दिवसात कसा घातला? बाबांनी हातातला ठराव दुमडला. मी त्यांची मुलगी आहे आणि त्यांच्या अगदी समोर बसले होते, तरीही ते खरोखर नकळतपणे चुकले की जाणूनबुजून, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाचता आले नाही. आपण म्हणालात तशी त्या गोष्टीवर चटई टाकता येते का, हे मी काल रात्रभर करून पाहिले. मला जमत नाही. मी त्यांना विचारणार आहे. आज नाही, पण विचारणार आहे.

ठराव मागे घेण्यात आला. उन्हाळाभर सर्व जाळी एकत्र टाकून चिलापी काढायची, नरांचे खड्डे पायांनी बुजवायचे, बायकांनी बेशरम उपटायची आणि आरमोरीकडच्या तलावांतून पाण्यातली झाडे आणून लावायची, असे ठरले. चिलापी पूर्ण जाईल असे मी म्हणाले नाही, कारण पुस्तके तसे म्हणत नाहीत. हे मात्र मी उभी राहून बोलले. आवाज फुटला, पण बोलले. घागरीचा रिवाज ठेवावा, परंतु ओतण्याआधी ती जाणत्या बायकांनी काठावर पाहावी, असेही ठरले. ते बरोबर आहे. तरी ते मला आवडलेले नाही. उद्या कोणी नवी मुलगी घागर घेऊन उभी राहील, तेव्हा त्या घागरीत पाहतील आणि तिच्या तोंडाकडेही पाहतील.

घरी आल्यावर वहिनी मला म्हणाली की तुम्ही महिनाभर मले चोरून पाहत होत्या, एकदा पुसलं असतं तं मी सांगतलं असतं. ती आजही माझ्याशी बोलते, परंतु मोजून बोलते. म्हणून हे पत्र मी तिच्यासमोर बसून लिहिले आणि तिला वाचायला दिले. तिने दोन ठिकाणी माझे शब्द बदलायला लावले, ते बदलले आहेत. आपल्याला तिने नमस्कार सांगितला आहे आणि हाताला हळद लावत जा, असेही सांगितले आहे.

आता शेवटचे. सभा संपताना बाबांनी स्वतः कुलूप काढले, जाळे बाहेर आणले आणि दोन्ही हातांवर धरून हरिदासकाकांपुढे केले. त्यांना वाटले असावे की काका ते खांद्यावर टाकून घरी जातील. काकांनी ते घेतले आणि तिथेच, सगळ्यांच्या मधोमध, जमिनीवर पसरले. रुखमाकाकूंनी दुसरे टोक धरले. मग दोघे कडेपासून सुरुवात करून एकेक गाठ बोटांनी चाचपत, एकेक शिशाची गोळी ओढून पाहत पुढे सरकू लागले, कोणी काही कापले तर नाही ना, हे बघत. कापलेले काहीच नव्हते. ते आधीच सांगावे, असे कोणाला सुचले नाही, आणि सांगितले असते तर त्यांनी मानले नसते. बाबा उभेच होते. उन्हे डोक्यावर आली, लहान मुले कंटाळून पळाली, पण मोठ्यांपैकी एकही जण उठला नाही. सर्व जाळे पाहून झाल्यावर काकांनी ते गुंडाळले, उद्या पहाटे पाण्यावर येतो म्हणाले, पण उमाजीच्या बाजूला उभा राहणार नाही, असेही म्हणाले. त्यावर बाबा ‘बरं’ एवढेच म्हणाले.

आपल्याला दुखावून मी हे सर्व केले, त्याची क्षमा मागते. केल्याची मागत नाही. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, हे आपण सावकाश ठरवावे. माझा आपल्यावर आहेच.

आपली भाची,
रोशनी

ता. क. पाकिटाच्या जोडावर मी आणि वहिनी मिळून सही करीत आहोत. सही तुटलेली दिसली तर ते वाटेत उघडले असे समजावे. धानोऱ्याच्या टपालपेटीजवळ, दोघींच्या हातांनी, सोमवार, दि. ३ मार्च २०२५, दुपारी १ वाजून २० मिनिटे.